हवेतले बाष्प, कारखान्यातला घाम

सांगलीजवळच्या हरिपुरात पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवात साठवत. पेवाचे तोंड बंद केले की आत प्राणवायू कमी राही, कीड लागत नसे आणि हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, अनेक पेवे कायमची निकामी झाली. माल शीतगृहात जाऊ लागला आणि विजेचा खर्च वाढला.

पुढेही पूर येतच राहिले. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तर जुलै २०२१ मध्ये ५५ फुटांच्या आसपास. यातले बरेचसे पाणी सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर-कोयना भागातून येते. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळतो. नदीपात्रातली अतिक्रमणे आणि धरणांतील विसर्ग यांचीही त्यात भर पडते.

हेच बाष्प तासगावच्या बेदाण्यालाही नडते. द्रावणात बुडवलेली द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर साधारण दोन आठवडे वाळवतात. मध्येच अवकाळी पाऊस येऊन हवा दमट झाली, तर बेदाणा काळा पडतो आणि भाव उतरतो.

माणसाच्या शरीराचेही तसेच. घाम वाळला तरच शरीर थंड होते. फाउंड्रीत भट्टीसमोर, दमट उकाड्यात घाम नुसता गळत राहतो. आधी पेटके येतात, मग चक्कर आणि दुर्लक्ष झाले तर उष्माघात.

उपाय आवाक्यातले आहेत. नदीकाठच्या कारखान्यांनी विजेचे पॅनेल, मोटारी आणि कच्चा माल २०१९ च्या पूरपातळीच्या वर हलवावा. बेदाणा शेडला पावसाचे पडदे आणि जमेल तिथे ड्रायर हवा. भट्टीचे जड काम उन्हाळ्यात पहाटेच्या पाळीत घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी आणि मधूनमधून सावलीत विश्रांती द्यावी. नव्या कामगाराला पहिला आठवडा-दोन आठवडे काम हळूहळू वाढवत द्यावे, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

काम करताना कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर त्याला लगेच गार जागी न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.