भोसल्यांच्या आधीचं नागपूर

(सदर, नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आपण आत्ता सदरमध्ये बसलो आहोत. बाहेर पडलं की रेसिडेन्सी रोड. इंग्रजांचा रेसिडेंट भोसल्यांच्या दरबारावर नजर ठेवायचा, त्या काळाचं हे नाव. त्यातलाच एक रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स. 1827 मध्ये त्यानं नागपूर राज्यावर मोठा अहवाल लिहिला. त्यात तो काय म्हणतो? मराठ्यांच्या कारभाराला इथं जे यश आलं, त्याचा बराचसा पाया बख्त बुलंद या गोंड राजानं घालून ठेवला होता. म्हणजे इंग्रजाला जे दिसलं, ते आपल्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही. आपला नागपूरचा इतिहास थेट रघुजींपासून सुरू होतो.

गोंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त जंगल येतं. पण देवगडचं राज्य हे रीतसर राज्य होतं. देवगड आज छिंदवाडा जिल्ह्यात आहे, जाऊन बघा एकदा. अकबराच्या काळात तिथं जाटबा राजा होता, आणि ‘आईन-इ-अकबरी’त त्याच्या नावावर 2,000 घोडेस्वार, 50,000 पायदळ आणि शंभरावर हत्ती नोंदले आहेत. आकडा फुगवलेला असेल, तरी दखल घ्यावी लागली हे तर खरं ना!

मोगलांशी त्यांचं नातं सरळ नव्हतं. खंडणी थकायची, मग फौज यायची. 1637 मध्ये खान दौरान चालून आला, तेव्हा कोकिया राजानं दीड लाख रुपये आणि 170 हत्ती देऊन राज्य राखलं. बरं का, तेव्हा वेढा पडला होता तो नागपूरच्या किल्ल्याला. मग 1702 ला शहर वसलं असं आपण म्हणतो ते कसं? नाव आणि गढी आधीची. राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान लहान वाड्या जोडून राजधानीचं शहर केलं ते बख्त बुलंदनं.

हा माणूस मोठा हिकमती. गादीच्या भांडणात मदत हवी म्हणून औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, ‘बख्त बुलंद’ म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव घेऊन आला. पुढे बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी लढण्यात गुंतला, तशी यानं मोगलांचाच मुलूख लुटायला सुरुवात केली. औरंगजेब इतका चिडला, की हुकूम काढला: याला यापुढे ‘निगून बख्त’ म्हणा, फुटक्या नशिबाचा! (हशा)

धर्म बदलला तरी या घराण्याच्या सोयरिकी गोंडांशीच होत राहिल्या. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देवांची कुळं असतात आणि सारख्या संख्येच्या कुळांत लग्न होत नाही. समाजाची ही घडी दरबारी फर्मानानं मोडणारी नव्हती. उलट राजानं बाहेरून कष्टाळू शेतकरी, कारागीर आणून वसवले, हिंदू-मुसलमान दोघांना चाकरीत घेतलं. गावंच्या गावं उभी राहिली. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तुम्ही ज्याला गांधीसागर म्हणता, तोच.

चांद सुलतान गेल्यावर वली शाहनं गादी बळकावली. विधवा राणी रतन कुंवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावलं. त्यांनी तिच्या मुलांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. पण पुढे दोघा भावांतच बिनसलं. 1743 मध्ये बुऱ्हाण शाहनं पुन्हा हाक मारली. या वेळी रघुजी आले ते परत गेलेच नाहीत.

तरी गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. महसुलात वाटा ठेवला, काही कागदांवर त्याची मोहर लागायची. आणि नवा भोसले राजा गादीवर बसला, की त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा.