बिघाड कोठें आहे?

डोंगराच्या कड्यासमोर उभें राहून मोठ्यानें हांक मारिली म्हणजे क्षणभरानें तीच हांक परत ऐकूं येते. ही गंमत लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु दूरसंदेशाच्या तारांवर काम करणारे लोक याच युक्तीनें मैलोगणती दूर असलेला बिघाड जागेवरून न हालतां शोधून काढितात, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. या रीतीस त्यांच्या भाषेंत ‘लूपबॅक’ चांचणी म्हणतात. म्हणजे आपणच पाठविलेला संदेश वाटेंत वळवून आपल्याकडे परत आणणें.

युक्ति तारायंत्राच्या काळापासूनची आहे. समजा, दोन गांवांमध्यें सारख्या जाडीच्या व प्रत्येकीं १० मैल लांबीच्या दोन तारा जमिनींतून नेल्या आहेत, आणि त्यांपैकीं एकीचें वेष्टण कोठेंतरी फाटून तिच्यांतील वीज मातींत उतरूं लागली आहे. दहा मैल चर कोण खणणार? अशा वेळीं परीक्षक चांगल्या तारेवरून निरोप पाठवून पलीकडच्या गांवीं दोन्ही तारांचीं टोकें एकमेकांस जोडावयास सांगतो. झाला २० मैलांचा एक वेढा! अलीकडचीं टोकें तो ‘व्हीटस्टनचा पूल’ या उपकरणास जोडितो. (हें उपकरण सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनीं १८३३ सालीं वर्णिलें; चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८४३ सालीं त्यास प्रसिद्धि दिली, आणि नांव मात्र व्हीटस्टन यांचेंच पडलें.) उपकरणाच्या दोन भुजांचे विद्युद्विरोध कमीजास्त करतां करतां कांटा शून्यावर स्थिर झाला, व त्या वेळीं त्यांचें प्रमाण ३ : १ आढळलें, तर वेढ्याचे २० मैलही दोषस्थानापाशीं त्याच प्रमाणांत विभागले गेले असले पाहिजेत. चांगल्या तारेवाटे १५ मैल व बिघडलेल्या तारेवाटे ५ मैल. पांचव्या मैलावर खणावें. या रीतीस मरे यांची वेढा-चांचणी म्हणतात. त्रैराशिक येणाऱ्या विद्यार्थ्यास ती समजण्यास हरकत नाहीं.

आतां संगणकांच्या तारांकडे वळूं. एका तालुक्याच्या गांवीं बँकेची शाखा आहे व जिल्ह्याच्या मुख्य कचेरीशीं तिचा संबंध एकाच भाड्याच्या तारेनें जोडलेला आहे, अशी कल्पना करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत सकाळींच ती तार मुकी होते. पेन्शन घेण्यास आलेलीं वृद्ध माणसें ओट्यावर बसून राहतात. बँकेचा मनुष्य म्हणतो, दोष तारवाल्यांचा. तारवाला म्हणतो, दोष तुमच्या यंत्राचा. दोघेही प्रामाणिक असूं शकतात, पण तेवढ्यानें पेन्शन मिळत नाहीं. तंटा तोडावयास साक्षीदारच पाहिजे.

त्या वाटेवर शाखेंतील रूटर, त्याची दोरी, मॉडेम, तांब्याची तार, टेलिफोन एक्स्चेंज, आणि पुढें तशींच दुसऱ्या टोकाचीं यंत्रें, अशी सांखळी असते. बोलण्याचा मार्ग व ऐकण्याचा मार्ग निरनिराळे असतात. ते ज्या ठिकाणीं एकमेकांस जोडावे तेथून संदेश मागें फिरतो. प्रथम शाखेंतील मॉडेमांतच तो वळवावा. रूटरचे शब्द त्यास बिनचूक परत मिळाले तर रूटर व दोरी निर्दोष ठरलीं, आणि त्या घरापुरता वाद मिटला. नंतर एक्स्चेंजमध्यें वळवावा, नंतर पलीकडच्या मॉडेममध्यें. मॉडेमच्या अशा वळणांस आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘व्ही ५४’ या शिफारशींत क्रमांकच दिलेले आहेत. सांखळी लांब असेल तर जाणता माणूस मध्यावरूनच आरंभ करितो. दोष एकच असल्यास प्रत्येक चांचणीनें निम्मी सांखळी संशयांतून मुक्त होते, व आठ कड्यांतील वाईट कडी तीन चांचण्यांत सांपडते.

परंतु पाठवावें काय? कांहींतरी परत आलें एवढ्यानें भागत नाहीं. जसेंच्या तसें आलें काय, हें पाहावयाचें असतें. ‘ई १’ नांवाच्या तारेवरून सेकंदास २०,४८,००० शून्यें व एक धांवतात. अशा तारेवर ३२,७६७ अंकांची एक ठराविक माळ पुनः पुनः सोडितात. ती दिसावयास अस्ताव्यस्त असते, पण परीक्षायंत्रास पुढचा अंक कोणता यावा हें आधींच ठाऊक असतें; म्हणून एकही अंक बदलला तरी चूक मोजली जाते. येथें उतावळेपणा नडतो. दहा सेकंद पाहून ‘तार ठीक आहे’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात! सांध्यांत पाणी शिरलेली तार दहा सेकंद ठीकच चालेल. तासभर माळ सोडिली तर सुमारें ७३७ कोटि अंकांची परीक्षा होते, आणि लपलेला दोष तेव्हां कोठें बाहेर येतो.

या चांचणीच्या मर्यादाही ओळखिल्या पाहिजेत. संदेश बिघडून परत आला तर तो जातांना बिघडला कीं येतांना, हें वेढा सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं दोन्ही टोकांस एकेक परीक्षायंत्र ठेवून एकानें बोलावें व दुसऱ्यानें ऐकावें लागतें. शिवाय चांचणी चालू असतां नेहमींचें काम बंद पडतें. आणि चांचणी संपल्यावर वळण काढावयाचें राहून गेलें, तर दुरुस्त झालेली तारही मुकीच राहते. यंत्र आपलेंच बोलणें ऐकत बसतें. हा घोटाळा ओळखण्याची सोय १९९४ सालच्या ‘पीपीपी’ या संदेशनियमांत आहे. प्रत्येक टोक मनास येईल तो एक मोठा अंक निवडून आपल्या संदेशांत घालितें. समोरून आपलाच अंक पुनः पुनः येऊं लागला, तर समोर दुसरें कोणी नाहीं असें तें समजतें.

संगणकास १२७.०.०.१ या पत्त्यावर हांक मारिली कीं लागलीच उत्तर येतें. त्यावरून घरची तार चांगली आहे असें अनुमान पुष्कळ लोक काढितात, तें चुकीचें आहे. ती हांक संगणकाबाहेर पडतच नाहीं; आंतील संदेशव्यवस्था जागी आहे, एवढाच तिचा अर्थ.

ज्यांस स्वतः करून पाहावयाचें असेल त्यांनीं नऊ खुंट्यांचा जुना सिरियल जोड असलेला संगणक मिळवावा. त्या जोडाच्या दुसऱ्या खुंटीवाटे संगणक ऐकतो व तिसरीवाटे बोलतो. त्या दोन खुंट्या बारीक तारेनें जोडाव्या आणि संदेश पाठविण्याच्या प्रोग्रॅममध्यें एक अक्षर दाबावें. तें तारेंतून फिरून पडद्यावर उमटेल. मात्र दाबलेलें अक्षर आपणच उमटविण्याची त्या प्रोग्रॅमची सोय आधीं बंद करावी, नाहींतर तार काढली तरी अक्षर दिसेल व फसगत होईल. हा प्रयोग विजेच्या किंवा टेलिफोनच्या भिंतींतील जोडावर करूं नये. कांचतंतूच्या यंत्रावर तर मुळींच नको. दूर पल्ल्याचा प्रखर प्रकाश तसाच वळवून आपल्या ग्राहकावर सोडिल्यास तो बिघडण्याची भीति असते, म्हणून कारागीर मधें प्रकाश मंद करणारा तुकडा बसवितात. त्या तंतूच्या टोकास डोळाही लावूं नये. तो प्रकाश बहुधा दिसत नाहीं, परंतु डोळ्यास इजा करूं शकतो.