दाबला की बोलणारा खडा

परवा संध्याकाळी दिवे गेले. धाकटा नातू अंधाराला बिचकून माझ्या मांडीला चिकटला, तेव्हा मी चाचपडत गॅलरीत गेलो आणि कुंडीतल्या दोन पांढऱ्या गारगोट्या उचलून आणल्या. मूठभर आकाराच्या, नदीतून वेचून आणलेल्या. त्याच्या डोळ्यांसमोर धरून एकीवर दुसरी जोर लावून घासली. दगडाच्या आतून कुणी कंदील फिरवावा तसा नारिंगी उजेड चमकला आणि मागोमाग करपल्यासारखा वास आला.

"आजोबा, आत दिवा आहे?"

"दिवा नाही रे. घासताना दगडाचे कण तुटतात, त्याचा हा उजेड. पण हिच्या पोटात याहून नवलाची गोष्ट आहे. ती दिसत नाही, वाजत नाही. गारगोटीला दाबलं की तिच्या अंगावर वीज येते."

थोरली नात अभ्यास सोडून पुढे सरकली. म्हणून ही गोष्ट.

गारगोटी म्हणजे गार. आभाळातून पडते तीही गार, आणि डोंगरात सापडते तीही गार. मला या शब्दाचं फार कौतुक वाटतं, कारण हीच गल्लत हजारो वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनीही केली होती. पारदर्शक स्फटिक म्हणजे इतका घट्ट गोठलेला बर्फ की तो पुन्हा वितळतच नाही, असा त्यांचा समज होता. म्हणून त्यांनी बर्फाचाच शब्द दगडाला दिला, आणि त्यातूनच आजचा 'क्रिस्टल' आला. खरं तर गार म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची वीण. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात ती हवी तेवढी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून सिलिका विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि आतल्या भिंतींवर टोकदार स्फटिक उगवले. जळगावकडे किंवा संभाजीनगरकडे विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना असा गोळा फुटतो आणि आत चकाकणारी खोली दिसते. सिन्नरला तर अशा दगडांचं संग्रहालयच आहे, त्याचं नावच 'गारगोटी'. सुट्टीत तिथे जायचं आपण.

आता विजेकडे येऊ. १८८० साल, पॅरिस शहर. पिएर आणि जाक क्युरी हे दोघे भाऊ, एक एकवीस वर्षांचा, दुसरा चोवीस. हो, मादाम क्युरींचे यजमान झाले तेच पिएर, पण तेव्हा त्यांची गाठही पडली नव्हती. या भावांनी स्फटिकांच्या ठरावीक दिशेने चकत्या कापल्या, दोन्ही अंगांना कथलाचा पत्रा चिकटवला, वर वजन ठेवलं आणि पत्र्यांना विजेचं मापन करणारं यंत्र जोडलं. वजन ठेवलं की काटा हलायचा. वजन उचललं की उलट्या बाजूला हलायचा. गार, टूर्मलीन, पुष्कराज, रोशेल मीठ, आणि हे ऐकून नात हसली, आपली रोजची साखरसुद्धा! दुसऱ्याच वर्षी लिपमन नावाच्या शास्त्रज्ञाने कागदावर गणित मांडून सांगितलं, की दाबल्यावर वीज येत असेल तर वीज दिल्यावर स्फटिकाने अंग आखडलं-पसरलं पाहिजे. क्युरी बंधूंनी पाहिलं, तर खरंच तसं होत होतं. दाबण्याच्या ग्रीक शब्दावरून या करामतीला पिझो-वीज म्हणतात.

"पण दाबल्यावर वीज येते कुठून? ती काय आत भरून ठेवलेली असते?"

चांगला प्रश्न. भरून ठेवलेली नसते, आत समान वाटून ठेवलेली असते. तुम्ही सहा जण हात धरून फेर धरा. एकाआड एक पांढरी टोपी आणि लाल टोपी. पांढरी म्हणजे धन, लाल म्हणजे ऋण. फेर नीट गोल असला तर तिन्ही पांढऱ्यांचा मध्यबिंदू फेराच्या मधोमध, आणि तिन्ही लालांचाही तिथेच. हिशेब शून्य. आता मी पुढच्या पांढऱ्या टोपीला आणि तिच्या बरोबर समोरच्या लाल टोपीला दोन्हीकडून आत ढकलतो. फेर चपटा झाला. पांढऱ्यांचा मध्य एका बाजूला सरकला, लालांचा दुसऱ्या. एवढंच होतं. गारेत असे अब्जावधी फेर एकाच दिशेने तोंड करून उभे असतात, म्हणून त्यांची इवलीशी सरकासरक एकत्र येऊन पृष्ठभागावर वीज म्हणून दिसते. मिठाच्या खड्यात हे होत नाही, कारण तिथे प्रत्येक कणाच्या बरोबर समोर, तेवढ्याच अंतरावर, त्याच्याच रंगाच्या टोपीचा जोडीदार उभा असतो. कितीही दाबा, दोन्हीकडचं सारखंच सरकतं. स्फटिकांच्या ३२ घराण्यांपैकी २० घराण्यांनाच ही देणगी आहे.

आणि इथे मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. खिडकीची काचही मुख्यतः सिलिकाचीच, गारही सिलिकाचीच. तरी काच दाबून वीज येत नाही. काचेत कण आहेत, पण त्यांचा फेर नाही, नुसती गर्दी आहे. गार १७०० अंशांच्या आसपास तापवून वितळवली आणि थंड केली तर ती पुन्हा गार होत नाही, काच होते. घाईने गोठली की कणांना आपापली जागा शोधायला वेळच मिळत नाही. शिवाय ५७३ अंशांच्या वर गारेची घडण बदलते. मग चांगला स्फटिक हवा असेल तर करायचं काय?

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न फार टोकाला गेला. रणगाड्यांतल्या, विमानांतल्या रेडिओंना ठरलेल्या लहरीवर टिकून राहायला गारेच्या चकत्या लागत, त्याही कोट्यवधी. चांगली गार मुख्यतः ब्राझीलहून यायची. त्यातही पुष्कळ खडे बाद निघत. वरून आरपार निर्मळ दिसणारा खडा आतून जुळा असायचा. वाढताना अर्ध्या भागाची रचना उलटी झालेली, म्हणजे अर्ध्या फेराने पाठ फिरवलेली. मग एकाची वीज दुसऱ्याने खोडून टाकली.

म्हणून माणसाने निसर्गाचीच विहीर लोखंडात बांधली. जाड पोलादी उभं नळकांडं घ्यायचं, दाबाने फुटू नये इतकं जाड. तळाशी गारेचा चुरा. वर तारांना टांगलेल्या गारेच्या पातळ पट्ट्या, हे बी. मध्ये भोकं पाडलेली चकती. आत सोडा किंवा कॉस्टिक सोडा मिसळलेलं पाणी. मग झाकण आवळून साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवायचं. पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीवर जातो. एरवी गारेला जुमानत नाही ते पाणी आता तिला विरघळवतं. तळ जास्त गरम, वरचा भाग थोडा थंड. खालचं पाणी सिलिका घेऊन वर चढतं, थंडाव्यात ती पेलवत नाही, म्हणून बियांवर ठेवून परत खाली येतं. दिवसाला साधारण मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी. महिना, दोन महिने झाकण उघडायचं नाही. इटलीत ट्यूरिनच्या जॉर्जो स्पेझिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या रीतीने गार वाढवून दाखवली होती. युद्धानंतर अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीत ती कारखान्याच्या कामाची झाली. आज घड्याळात बसते ती गार अशी पिकवलेली असते, खणून काढलेली नसते.

गारेची चुलत भावंडंही आहेत. बर्लिनाइट नावाच्या स्फटिकात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस बसतात, फेर तोच. पण त्याचा स्वभाव उफराटा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा तापवला की कमी विरघळतो. म्हणून त्याचं बी गरम बाजूला टांगावं लागतं. गॅलियमचं असंच भावंड नऊशे अंशांपर्यंत आपली घडण सोडत नाही, म्हणून इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब मोजायला ते उपयोगी पडतं.

खडा वाढवला की काम संपत नाही, तो कसा निघाला हे तपासायचं असतं. १६६९ साली निकोलस स्टेनोने दाखवलं, की गारेचा खडा लहान असो की मोठा, लांबुडका असो की बुटका, त्याच्या शेजारच्या बाजूंमधले कोन कधी बदलत नाहीत. उभ्या बाजूंमधला कोन १२० अंश, जळगावच्या गारेतही तोच आणि ब्राझीलच्या गारेतही तोच. नातीने कंपासमधला कोनमापक आणला आणि कपाटातल्या माझ्या गारेच्या टोकदार खड्याशी लावून मेणबत्तीच्या उजेडात मोजला. ११९ की १२० असा वाद झाला, पण तिचं समाधान झालं. कारखान्यात हेच काम क्ष-किरणांनी करतात. खडा कुठल्या दिशेने कापायचा हे अंशाच्या छोट्या हिश्श्यापर्यंत ठरवावं लागतं. रेडिओसाठीचा एक प्रसिद्ध काप ३५ अंश १५ मिनिटांचा आहे. तो कोन साधला की थंडी-उन्हाने चकतीची लय फारशी बदलत नाही.

"आपल्याला घरी नाही का पिकवता येणार?"

गार नाही येणार. पण क्युरींच्या यादीतलं रोशेल मीठ येतं, आणि त्याचं मूळ तुमच्या ओळखीचं आहे. चिंचेचा आंबटपणा म्हणजे टार्टारिक आम्ल. रोशेल मीठ हे त्याच आम्लाचं लवण. फ्रान्सच्या ला रोशेल गावातल्या सेनेत नावाच्या औषधवाल्याने सतराव्या शतकात ते पोट साफ व्हायला म्हणून तयार केलं होतं. गारेपेक्षा ते कितीतरी पटींनी जास्त वीज देतं, म्हणून पूर्वी ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आणि मायक्रोफोनमध्ये त्याचेच स्फटिक असत.

केकच्या सामानाच्या दुकानात क्रीम ऑफ टार्टर मिळतं. ते १०० ग्रॅम घेऊन सव्वाशे मिलिलीटर गरम पाण्यात घालायचं आणि मोठ्या माणसाने हाताशी राहून चमचा चमचा खाण्याचा सोडा टाकायचा, साधारण ४५ ग्रॅम. फसफसतं, फेस वर येतो, पातेलं मोठं घ्या. फसफस थांबली, पाणी निवळ झालं की गाळून झाकून ठेवायचं. एक-दोन दिवसांत तळाशी खडे दिसतात. त्यातला एकच, कोरीव कडांचा, निर्मळ, दोऱ्याला बांधायचा. मी पहिल्यांदा ते बी कोमट पाण्यातच सोडलं होतं. सकाळी बरणीत नुसता दोरा होता. पाणी पूर्ण निवलेलं आणि भरपूर मीठ विरघळलेलं असलं तरच बी वाढतं, नाहीतर विरघळतं. दुसरा खडा मात्र तीन आठवड्यांत अंगठ्याएवढा झाला, काचेसारखा आरपार.

त्याला समोरासमोर ॲल्युमिनियमच्या वर्खाचे दोन तुकडे गुंडाळून, मोडक्या टेस्टरमधल्या निऑनच्या बारक्या दिव्याच्या दोन तारा त्यांना लावायच्या. अंधार करून खड्याला लाकडी चमच्याने हलकेच टोला द्यायचा. दिवा क्षणभर नारिंगी होतो. बाजूंच्या जोड्या बदलून पाहायचं, कुठली जोडी जास्त उजळते हे वहीत लिहायचं. क्युरींनी केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

एवढ्यात दिवे आले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून मी म्हटलं, त्याच्या आत भाताच्या दाण्याएवढी चंदेरी डबी आहे, तिच्यात गारेचा इवलासा चिमटा. वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आपल्या कानाला ऐकू येत नाही. नातीने लगेच कागदावर निम्मे करायला घेतले: १६,३८४, ८,१९२, ४,०९६... पंधराव्या वेळी बरोबर एक उरला. घड्याळातली चिप हेच करते आणि सेकंदाचा काटा एक घर पुढे सरकतो.

रोशेल मिठाचा उद्योग मात्र पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत खड्याला पाणी सुटतं आणि कडा बोथट होतात. दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी होऊ द्या, मग बरणी अशा कोपऱ्यात ठेवा जिथे कुणाचा धक्का लागणार नाही, आणि तीन आठवडे दोऱ्याला हात लावू नका.