मांजरीचा वास जात नाही? आधी फिनेल बाजूला ठेवा

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. घरात मांजर आहे, फरशी रोज पुसतो, तरी वास जात नाही. उन्हाळ्यात तो तितका जाणवत नाही. जुलैमध्ये खिडक्या बंद, कपडे घरातच दोरीवर, आणि सज्द्यात गेलं की नाकात झोंबणारा तो वास. पाहुणे काही बोलत नाहीत, पण दुपट्टा नाकाशी जातो तो दिसतोच.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी हे झालं. अम्मीने थेट फर्मान काढलं, "एक तर हा बोका घरात राहील, नाही तर मी." त्या आठवड्यात आम्ही ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक फिनेलची. वास आला की आपला हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जातो. आम्ही दिवसातून दोनदा फरशीवर फिनेल मारत होतो. वास गेला नाहीच. फिनेल आणि मूत मिळून तिसराच वास तयार झाला. त्यापेक्षा गंभीर गोष्ट नंतर कळली. फिनॉल जातीची द्रव्यं शरीराबाहेर टाकायला माणसाच्या यकृतात जी सोय असते, ती मांजरीच्या यकृतात जवळजवळ नसते. ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते, आणि ते विष पोटात जातं. काळं फिनेल असो की अँटिसेप्टिक म्हणून मिळणारं क्लोरोझायलेनॉलचं द्रव, मांजरीच्या घरात दोन्ही नकोत.

ब्लीचचंही तेच. मुतात अमोनिया असतो. त्यावर ब्लीच ओतलं की क्लोरामाइनचा वायू निघतो आणि डोळे, घसा, छाती जळजळते. बंद मोरीत किंवा लहान मुलं, दम्याचे पेशंट असलेल्या घरात हा प्रयोग करूच नका. उदबत्ती, अत्तर, लोबान यांनी घटकाभर बरं वाटतं एवढंच. खाली डाग तसाच राहतो.

वास इतका चिवट का? ताज्या मुताला फार वास नसतो. त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, तेव्हा तो झोंबू लागतो. मांजरीच्या, विशेषतः बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचं द्रव्य असतं. ते विघटित झालं की गंधकाची संयुगं सुटतात, आणि त्यांचा वास अगदी कणभर असला तरी नाकाला कळतो. तिसरी गोष्ट युरिक आम्ल. त्याचे खडे पाण्यात नीट विरघळत नाहीत. पोछा मारला की बाकीचं निघून जातं आणि हे खडे फरशीच्या सांध्यांत, गालिच्याच्या धाग्यांत बसून राहतात. हवा दमट झाली की वास परत उठतो. पावसाळ्याचं गणित हे असं आहे.

म्हणून आधी जागा शोधा. अंदाजाने अख्खं घर धुण्यात अर्थ नाही. नोटा तपासायला वापरतात तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणा आणि रात्री दिवे बंद करून जमिनीलगत फिरवा. जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. आम्हाला वाटत होतं बोका सोफ्यामागे बसतो. डाग निघाले कपाटाच्या पायाशी आणि जानमाज घडी करून ठेवायच्या टोपलीजवळ.

डाग ताजा असेल तर घासू नका. जुनं सुती फडकं दाबून धरा आणि जेवढं शोषलं जाईल तेवढं शोषू द्या. मग साधं पाणी टाकून पुन्हा टिपा. त्यानंतर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि एक भाग पाणी असं लावलं की अमोनिया मारला जातो. पण घरात मार्बल, शहाबादी किंवा कडप्पा असेल तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही लांब ठेवा. हे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, आम्लाने पॉलिश जातं आणि कायमचा पांढरट डाग पडतो. ग्लेज केलेल्या टाइल्सवर चालतं.

जुन्या डागाला एन्झाइमचं क्लीनर लागतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. लोक फवारतात आणि लगेच पुसून टाकतात, मग म्हणतात पैसे फुकट गेले. एन्झाइमला वेळ लागतो. डाग भिजेल एवढं ओता, वर प्लास्टिक टाका, रात्रभर ओलं राहू द्या. त्या जागी आधी फिनेल किंवा जंतुनाशक मारलेलं असेल तर ते पाण्याने नीट काढून मगच लावा, नाही तर एन्झाइम निकामी होतात.

एन्झाइम मिळत नसेल तर घरगुती मिश्रण आहे. मूळ कल्पना स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीसाठीची. अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांची कृती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. गंधकाची संयुगं इथेही असल्याने ती कामाला येते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा लिटर, खाण्याचा सोडा २ मोठे चमचे, भांडी घासायचं लिक्विड अर्धा लहान चमचा. मेडिकलमधल्या बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घाला. हातमोजे घाला, लागेल तेवढंच बनवा, लगेच वापरा. उरलेलं झाकण लावून ठेवू नका. आत वायू साठतो आणि बाटली फुटते. व्हिनेगरमध्येही मिसळू नका. रंगीत गालिच्याचा रंग उडू शकतो, त्यामुळे आधी कोपऱ्यात लावून पाहा.

कापसाच्या गादीवर यातलं काहीच धड चालत नाही. खोळ उसवून वेगळी धुवा, भिजलेला कापूस काढून टाका, बाकीचा कडक उन्हात टाका आणि ओळखीच्या नदाफांकडून पिंजून घ्या. नवीन गादीपेक्षा स्वस्त पडतं.

आता नमाजचा प्रश्न. मांजरीचं उष्टं आणि तिचं मूत यात लोक गल्लत करतात. हजरत अबू कतादा रजि. यांनी वुजूच्या पाण्याचं भांडं मांजरीपुढे कलतं केल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. जानमाजवरून मांजर चालली म्हणून ती धुवायला धावण्याची गरज नाही. मूत मात्र नजिस आहे, तिथे धुवावंच लागतं. किती वेळा, पिळायचं की पाणी सोडायचं, यात हनफी आणि शाफई पद्धतीत फरक आहे, तेव्हा आपापल्या इमामसाहेबांना विचारा. आमचं म्हणणं एवढंच की नुसतं क्लीनर फवारून थांबू नका, वरून स्वच्छ पाणी घाला.

आता आमच्या बोक्याबद्दल. एवढं सगळं करूनही तो रोज नव्या जागी बसत होता. थेंबभरच व्हायचं, आणि बसताना ओरडायचा. आम्ही म्हणायचो, मस्ती आलीय. शेजारच्या खाला म्हणाल्या, गोणीत घालून मच्छी मार्केटला सोडून या. सोडायचा दिवसही ठरला होता. आदल्या संध्याकाळी धाकटीने हट्ट धरला म्हणून डॉक्टरांकडे नेला. मूत्रमार्गात खडे होते. बोक्याचा मार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं.

तेव्हा नीट बसणारं मांजर अचानक इकडेतिकडे बसू लागलं, जोर करत राहिलं आणि काहीच होत नसेल, तर पोछा ठेवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. शेपटी उभी करून भिंतीवर उडवत असेल तर तो वेगळा प्रकार, वयात आलेल्या बोक्याची हद्द आखणं. नसबंदीने बहुतेक बोक्यांचं ते थांबतं. हनफी आणि शाफई मतांत इथेही फरक आहे, मुफ्तीसाहेबांशी बोलून ठरवा.

राहिला मातीचा ट्रे. एका मांजरीला दोन असावेत, आणि जेवणाच्या वाटीपासून लांब. आम्ही ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवला होता. मशीन गरगरलं की बोका पळायचा, हे आम्हाला वर्षभर कळलं नाही. लिटर महाग वाटत असेल तर सुतारकामातला स्वच्छ भुसा किंवा वाळू चालते, पण घाण रोज काढायची. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ट्रेला हात लावू नये, दुसऱ्या कोणी साफ करावा, आणि तोही रोज. टोक्सोप्लाझ्माची अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगी होतात, म्हणून शिळा ट्रे जास्त धोक्याचा. धुताना गरम पाणी आणि साधा साबण. फिनेल तिथेही नको.

बोका आता बरा आहे. खास खाणं चालू आहे, खर्च होतोय. ट्रे रोज सकाळी अम्मीच साफ करते, आम्हाला हात लावू देत नाही.