दारातल्या कुत्र्याची लस आणि कायदा : प्रत्येक घराला माहीत हवे असे काही

मिलिंदनगर असो, ओटास्कीम असो की चाकणजवळच्या खराबवाडी-नाणेकरवाडीतल्या भाड्याच्या खोल्या असोत, आमच्या आरोग्य बैठकीत कुत्र्यांचा विषय निघाला नाही असे होत नाही. तिसरी पाळी करून पहाटे परतणाऱ्या कामगाराच्या मागे कुत्री लागतात. त्याच वस्तीत अनेक घरांच्या दारात राखणीला एक कुत्राही असतो. बायाबापड्या विचारतात, "ताई, आमचा कुत्रा कोणाला चावत नाही, मग त्याला सुई कशाला? आणि परवाना तर बंगलेवाल्यांना लागतो ना?" हे दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांची किंमत बहुतेक वेळा लेकरांना मोजावी लागते.

रेबीज का घातक?

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावा, ओरखडा किंवा उघड्या जखमेवर चाटणे यातून तो शरीरात शिरतो आणि नसांमधून मेंदूकडे सरकतो. याला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि लस घ्यायची वेळ तीच. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती अशी लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळपास अशक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात आणि माणसाला होणारा रेबीज 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळेच होतो. म्हणून कुत्र्याला दिलेली लस ही खरे तर आपल्या मुलांचे संरक्षण आहे.

कोणती लस, केव्हा?

पैसे मोजून वापरावे लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आधी काय आणि नंतर काय ते सांगतो.

1) रेबीजची लस : ही टाळायचीच नाही. पिल्लू 3 महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी. त्यानंतरचा डोस केव्हा द्यायचा ते पशुवैद्यकाला विचारावे आणि पुढे दरवर्षी लस द्यावी. कुत्रा मोठा असेल आणि आधी कधीच लस दिली नसेल, तर आजही सुरुवात करता येते.

2) एकत्रित लस : दुकानात हिला 'सेव्हन-इन-वन', 'नाइन-इन-वन' म्हणतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीव घेणारे रोग ती रोखते. पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचे असताना पहिला डोस, मग 4 महिन्यांचे होईपर्यंत 3-4 आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस देतात. पिल्लू रक्ताची जुलाब करत असेल तर तो पार्व्हो असू शकतो, दोन दिवस वाट पाहू नका. या लसीत लेप्टोचाही समावेश असतो. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून माणसालाही होतो. नाल्याकाठच्या वस्तीत हे विसरून चालणार नाही.

लस 2 ते 8 अंश तापमानातच टिकते. मेडिकलमधून आणलेली बाटली दुपारभर पिशवीत राहिली तर टोचून काही उपयोग नाही. लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नोंदणीकृत पशुवैद्यकाकडेच टोचून घ्या. कार्डावर तारीख, बाटलीवरचे लेबल आणि सही-शिक्का मागून घ्या. हे कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवा.

कायदा काय सांगतो?

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 खाली परवाना लागतो. बंगला आणि झोपडी असा फरक त्यात नाही. परवान्यासाठी रेबीज लसीचा दाखला आणि राहण्याचा पुरावा द्यावा लागतो आणि परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. चौकशी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा 'सारथी' हेल्पलाइनवर करा. चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषदेकडे, तर भोवतालच्या गावांत ग्रामपंचायतीकडे नोंदणीची विचारणा करा. खोली कोणाच्या हद्दीत आहे हे माहीत नसेल तर घरपट्टीची पावती पाहा.

केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची लस, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी हीच जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. तुमचा कुत्रा मोकळा सोडल्याने कोणी जखमी झाले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरीकडे, त्रास होतो म्हणून कुत्र्यांना विष घालणे किंवा मारून टाकणे हाही गुन्हा आहे. कलम 325 खाली त्याला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रागाच्या भरात कोणाच्या पोराचे नाव पोलीस ठाण्यात जाऊ देऊ नका.

चावल्यावर काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नका. लगेच वायसीएम रुग्णालय, जवळचा महापालिका दवाखाना किंवा चाकणचे ग्रामीण रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. पोटात 14 इंजेक्शने द्यायचे दिवस केव्हाच गेले. आता दंडात लस देतात. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे 0, 3, 7, 28 या दिवशी किंवा 0, 3, 7, 14, 28 या दिवशी डोस असतात. गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांनाही ती देता येते.

जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेच्या आत सीरमही टोचावे लागते. "सीरम द्यायचे आहे का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कुत्र्याला लस दिलेली होती म्हणून उपचार टाळू नका. कुत्र्यावर 10 दिवस नजर ठेवा. तो ठणठणीत राहिला तर उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

अर्धवट डोस ही आमच्या वस्त्यांतली मोठी अडचण आहे. रोजंदारी बुडते म्हणून किंवा गावी लातूर-नांदेडला जायचे म्हणून तिसरा डोस राहतो. कार्ड सोबत न्या. पुढचा डोस गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकतो.

वस्ती म्हणून काय करता येईल?

सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे आरोग्यशास्त्र सांगते. एका घराने हे होणार नाही. विहारातल्या रविवारच्या बैठकीत गल्लीनिहाय यादी करा : पाळलेले कुत्रे किती, मोकाट किती, लस झालेली किती. महिला मंडळाच्या सहीने पशुवैद्यकीय विभागाकडे शिबिराची मागणी करणारा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होते, म्हणून अर्ज ऑगस्टमध्येच द्या. शिबिर मागणे म्हणजे कोणाकडे मेहेरबानी मागणे नव्हे. नियमाने ते काम स्थानिक संस्थेचेच आहे, आणि दारातल्या कुत्र्याचे कार्ड अद्ययावत ठेवणे हे आपले.