बिघडलेले यंत्र आणि नंदुरबारचा ग्राहक

धडगाव-अक्कलकुव्याकडे दूरचित्रवाणी संच वा फ्रिज अकस्मात बंद पडला, तर यंत्रास दोष देण्यापूर्वी विजेचा दाब २३० व्होल्टच्या आसपास आहे की नाही, हे तारतंत्रीकडून मोजून घ्यावे. दोष यंत्राचाच ठरला आणि ग्राहकसेवेने, यथेच्छ संगीत ऐकवून झाल्यावर (त्या संगीताची निवड कोण करतो, हा संशोधनाचा विषय आहे), दाद दिली नाही, तर पावती, अनुक्रमांक व तक्रार क्रमांक हे दफ्तर सिद्ध ठेवून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतूनच कैफियत मांडावी. तेथेही निष्पत्ती न झाल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, कंपनी मुंबईची असो की बंगळूरची, स्वतःच्या रहिवासाच्या जिल्हा आयोगापुढे, म्हणजे नंदुरबारातच, दोन वर्षांच्या मुदतीत अर्ज गुजरता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क माफ आहे.