चालता संगणक बदलावा का?



गट ऑफिसात येणारे सभासद अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. "संगणक तर चालतोय की, मग नवीन घ्यायची टूम कुठून निघाली?" प्रश्न रास्त आहे. पैसा कारखान्याचा, म्हणजे आपल्या सर्वांचाच. तेव्हा हा विषय या अंकात जरा सविस्तर घेत आहोत.

संगणकाच्या पेटीतल्या भागांना कामाला जुंपणारी जी मूळ प्रणाली असते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बऱ्याच ऑफिसांतून, आणि आपल्याकडेही, ती विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती जुलै २०१५ मध्ये आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. त्या दिवशी एकही यंत्र बंद पडले नाही. यंत्रे चालूच राहिली. फक्त दाराची कडी मोडली तर कंपनीचा सुतार आता फुकट यायचा नाही.

कडी मोडून काय होते ते मे २०१७ मध्ये जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाच्या संगणकी किडीने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांच्या कित्येक तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सांगण्यासारखी गोष्ट ही, की या किडीवरची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिलेली होती. ती ज्यांनी बसवली नाही ते सापडले. आता विंडोज १० ला अशी दुरुस्ती फुकट मिळणारच नाही, म्हणजे आपण आपसूक त्या न बसवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

पैसे भरून मुदत वाढवता येते. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी आणखी दुप्पट, आणि ऑक्टोबर २०२८ नंतर तेही नाही. मध्येच शिरायचे म्हटले तर मागच्या वर्षाचेही भरावे लागतात. हे पीककर्ज नवे-जुने करण्यासारखेच झाले. एखाद्या अडलेल्या यंत्रापुरते ठीक; सगळ्यांसाठी नाही, असे आमचे मत.

दुसरी वाट विंडोज ११ ची. ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचे असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागते. ही पिढी २०१७ साली बाजारात आली. त्याआधीची पेटी कितीही ठणठणीत असो, कंपनीच्या लेखी ती बाद. हे आम्हांलाही पटत नाही. पण पटो न पटो, हिशेब त्यावरच करावा लागतो.

खरी मेख मात्र पेटीत नाही, आपल्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये आहे. अनेक कारखान्यांचे ऊसनोंदीचे आणि बिलाचे प्रोग्रॅम मुळात डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेले. ३२ बिटी विंडोजवर ते कसेबसे चालून जात. विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे आणि ६४ बिटी विंडोज डॉसचे जुने प्रोग्रॅम थेट चालवत नाही. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा आधारही कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला. म्हणजे "नुसता संगणक बदलू" म्हणून भागत नाही. बिलाचा प्रोग्रॅमच नव्याने बांधायची वेळ येऊ शकते.

तसेच अक्षरांचे. सभासद रजिस्टरातली नावे वर्षानुवर्षे जुन्या मराठी फॉन्टांत टाईप झाली. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की नावाच्या जागी नुसते खडे-गोटे दिसतात. युनिकोडमध्ये उतरवताना जोडाक्षर, रफार, वेलांटी चुकण्याचा संभव मोठा. आणि नावात वेलांटी चुकली की शेअरच्या वारसनोंदीला किंवा बँकेच्या खात्याला काय अडचण येते हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. म्हणून नावे यंत्राने उतरवली तरी माणसाने मूळ रजिस्टराशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी फाईल पुसू नये, असा आमचा आग्रह आहे.

आता काट्याचे. "संगणक बदलला म्हणजे काट्यात फरक पडेल का?" असे दबक्या आवाजात विचारले जाते. ते मोकळेपणाने विचारावे. वजन काट्याखालचे लोडसेल आणि इंडिकेटर ठरवतात. त्याची तपासणी वैधमापनवाले करतात. संगणक केबलमधून आलेला आकडा फक्त लिहून घेतो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलून गाडीचे वजन कमी-जास्त होत नाही. पण लिहून घेणारा चुकीचे लिहू शकतो, म्हणून गाडी काट्यावर असताना इंडिकेटरचा आकडा पाहावा आणि पावतीशी जुळवावा. हा हक्क संगणक जुना असो वा नवा, सोडू नये.

काट्याच्या यंत्राला इंटरनेटशी घरोबा करायचे कारणच नाही. ते जाळ्यापासून वेगळे ठेवले, त्यात कुणाची पेनड्राईव्ह घुसू दिली नाही, तर जुन्या प्रणालीवरही एखादा हंगाम काढता येईल. नेटवर चालणारी कामे, म्हणजे बँक, जीएसटी, पत्रव्यवहार, यांची यंत्रे मात्र आधी बदलावीत.

लिनक्सचे काय, असे तरुण सभासद विचारतात. ती फुकट आहे, जुन्या पेटीवरही चालते, आणि आपल्या सी-डॅकने बॉस नावाची भारतीय भाषांची आवृत्तीही काढली आहे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर आहेत. तिथे आधी शिक्षकांना तयार केले. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ साली लिनक्स घ्यायचे ठरवले, हजारो यंत्रे बदलली आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. आपल्याकडे टंकलेखन आणि पत्रव्यवहाराच्या जुन्या यंत्रांवर ती चालवून पाहायला हरकत नाही. काटा आणि बिल यांचा प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिलेला आहे तोवर तिथे नको.

को ७४० सोडून ८६०३२ कडे वळताना कोणी सगळे रान एका दिवसात मोडले नव्हते. आधी चार सऱ्या लावून पाहिल्या. इथेही एका गट ऑफिसात नवी यंत्रे बसवावीत, मागच्या हंगामातले एका पंधरवड्याचे बिल जुन्या-नव्या दोन्हींवर काढावे आणि पैशापर्यंत जुळते का पाहावे. हे काम पट्टा पडल्यापासून मोळी पडेपर्यंतच्या काळातच व्हायला हवे. हंगामात बिल अडले तर ते केवळ ऑफिसचे दुखणे राहत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर १५ टक्के व्याज. संगणक बिघडला ही सबब तिथे नाही. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्याशी करार करताना सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात कारखान्याच्या ताब्यात राहील, हे कलम लेखी घ्यावे. नाहीतर पेटी आपली आणि किल्ली दुसऱ्याची.

सभासदांनी एवढे करावे: ऊसनोंदीचा उतारा गट ऑफिसातून घेऊन नाव, गट नंबर, क्षेत्र, लागण की खोडवा आणि बँक खाते क्रमांक तपासावा. चूक असल्यास चिटबॉयकडे तोंडी न सांगता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.